विश्लेषण : एकच प्रोग्राम सगळ्या यंत्रांवर कसा चालवायचा? रिचर्ड स्टीव्हन्स यांनी घालून दिलेला धडा

घरातल्या वायफायवरून बाहेर पडून मोबाइल डेटावर गेलो, की फोनचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो. कधी कधी पत्त्याची जातच बदलते. वायफायवर तो ३२ बिटांचा जुना पत्ता असतो, तर मोबाइल नेटवर्कवर १२८ बिटांचा नवा. तरीही मेसेज जातात, पैसे पाठवता येतात, व्हिडीओ सुरू राहतो. अ‍ॅप लिहिणाऱ्याने पत्त्याची जात गृहीत धरलेली नसते, म्हणून हे जमते. तशी ती गृहीत धरायची नाही, हे प्रोग्रामरांच्या एका अख्ख्या पिढीला शिकवणाऱ्यांत डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स यांचे नाव फार वरचे आहे. १ सप्टेंबर १९९९ रोजी, वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नेटवर्कवर काम करणाऱ्या अनेकांच्या टेबलावर त्यांची पुस्तके आजही दिसतात.

कोण होते रिचर्ड स्टीव्हन्स?

विल्यम रिचर्ड स्टीव्हन्स यांचा जन्म ५ फेब्रुवारी १९५१ रोजी आफ्रिकेतील लुआन्श्या या गावी झाला. तेव्हाचा उत्तर ऱ्होडेशिया म्हणजे आजचा झांबिया. वडील तांब्याच्या उद्योगात होते, त्यामुळे घराचा मुक्काम सतत हलत राहिला. सॉल्ट लेक सिटी, न्यू मेक्सिकोतील हर्ली, वॉशिंग्टन, दक्षिण आफ्रिकेतील फालाबोर्वा अशी ठिकाणे त्यांच्या लहानपणी येऊन गेली. शालेय शिक्षण व्हर्जिनियातील फिशबर्न मिलिटरी स्कूलमध्ये झाले.

१९७३ मध्ये त्यांनी मिशिगन विद्यापीठातून एरोस्पेस इंजिनीअरिंगची पदवी घेतली. विमानांची ओढ केवळ पदवीपुरती नव्हती. ते स्वतः वैमानिक होते आणि सत्तरच्या दशकात काही काळ विमान चालवायलाही शिकवत. पुढे ॲरिझोना विद्यापीठातून सिस्टीम्स इंजिनीअरिंगमध्ये १९७८ ला पदव्युत्तर पदवी आणि १९८२ ला पीएच.डी. त्यांनी मिळवली. संगणकशास्त्राची रीतसर पदवी त्यांच्याकडे नव्हती.

वेधशाळेतून पुस्तकांकडे कसे वळले?

१९७५ मध्ये ते ॲरिझोनातील टूसॉन येथे आले आणि किट पीक राष्ट्रीय वेधशाळेत प्रोग्रामर म्हणून रुजू झाले. तिथे फोर्थ ही भाषा वापरात होती. या भाषेची ओळख करून देणारी एक पुस्तिका स्टीव्हन्स यांनी १९७९ मध्ये वेधशाळेसाठी लिहिली. आपल्याला जे कळले ते दुसऱ्याला करून पाहता येईल अशा रीतीने मांडायचे, ही त्यांची सवय तेव्हापासूनची.

१९८२ ते १९९० या काळात ते कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे आरोग्यक्षेत्रातील एका कंपनीत संगणक सेवांचे उपाध्यक्ष होते. १९९० मध्ये ‘युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंग’ हे त्यांचे पहिले पुस्तक आले. त्याच वर्षी ते टूसॉनला परतले आणि लेखन व सल्लागारी हाच त्यांचा व्यवसाय झाला. पुढच्या नऊ वर्षांत त्यांनी जे लिहिले, त्यावर त्यांचे नाव उभे आहे.

नेटवर्क पत्ता म्हणजे नेमके काय?

एखाद्या प्रोग्रामला दुसऱ्या यंत्राशी बोलायचे असेल, तर त्याला ऑपरेटिंग सिस्टीमकडे दोन गोष्टी द्याव्या लागतात. एक, समोरच्या यंत्राचा पत्ता. दोन, पोर्ट क्रमांक, म्हणजे त्या यंत्रावरच्या नेमक्या कोणत्या सेवेशी बोलायचे तो आकडा. पत्ता म्हणजे इमारत धरली, तर पोर्ट म्हणजे खोली. ही माहिती एका ठरावीक साच्यात भरून द्यायची असते. हा साचा आणि तो वापरणारी ‘सॉकेट’ पद्धत १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्समधून सर्वदूर गेली.

बर्कलीच्या मंडळींनी एक दूरचा विचार केला होता. त्या काळी टीसीपी/आयपी हा एकमेव नेटवर्क प्रोटोकॉल नव्हता, झेरॉक्सचा एक्सएनएसही चालत असे. म्हणून त्यांनी पत्त्याचा एक सर्वसाधारण साचा ठेवला आणि प्रत्येक प्रोटोकॉलचा वेगळा साचा त्याच्या आड सरकवण्याची सोय केली. साच्याच्या सुरुवातीला पत्त्याच्या कुळाचा क्रमांक असतो. तो वाचून ऑपरेटिंग सिस्टीम पुढचे बाइट कसे समजायचे ते ठरवते. कल्पना चांगली होती. अडचण आली ती प्रत्येकाने ती आपापल्या परीने राबवली तेव्हा.

मग घोळ कुठे होत होता?

पहिला घोळ बाइटांच्या क्रमाचा. दोन बाइटांची संख्या साठवताना मोठा भाग आधी ठेवायचा की लहान, यावर संगणक बनवणाऱ्यांचे एकमत नव्हते. सनची स्पार्क यंत्रे मोठा भाग आधी ठेवत, इंटेलची लहान भाग आधी. नेटवर्कवर मात्र मोठा भाग आधी, असा नियम ठरलेला आहे. समजा पोर्ट क्रमांक ८० द्यायचा आहे. इंटेलच्या यंत्रावर क्रम न बदलता तो तसाच भरला, तर समोरचा त्याला २०४८० असे वाचतो. गंमत म्हणजे हाच चुकीचा प्रोग्राम स्पार्कवर अगदी बिनचूक चालतो, कारण तिथे यंत्राचा आणि नेटवर्कचा क्रम एकच आहे. लिहिणाऱ्याला आपली चूक कधी कळतच नाही. कळते ती तो प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर नेणाऱ्याला.

दुसरा घोळ साच्याच्या रचनेचा. १९९० मधील ४.३ बीएसडी रेनो आवृत्तीत साच्याच्या सुरुवातीला लांबी सांगणारा एक बाइट घालण्यात आला. बर्कलीच्या घराण्यातील यंत्रणांनी तो घेतला, इतर अनेकांनी घेतला नाही. त्या खान्यात थेट आकडा भरणारा प्रोग्राम एकीकडे चालतो, तर दुसरीकडे कंपाइलही होत नाही.

तिसरा घोळ नावावरून पत्ता शोधण्याचा. यासाठीचे जुने फंक्शन उत्तर एका ठरलेल्या जागी ठेवत असे. दुसऱ्यांदा विचारले की पहिले उत्तर पुसले जाई. अंक आणि टिंबांत लिहिलेला पत्ता वाचणाऱ्या जुन्या फंक्शनची तऱ्हा आणखी वेगळी. चूक झाल्यास ते सर्व ३२ बिट एक असलेली संख्या परत देई. पण २५५.२५५.२५५.२५५ या खऱ्याखुऱ्या पत्त्याचेही रूप तेच. उत्तर बरोबर की चूक, हे ओळखायचे कसे?

यात भर म्हणजे एटी अँड टीच्या सिस्टीम व्ही युनिक्सने सॉकेटऐवजी टीएलआय नावाची वेगळीच पद्धत आणली होती. १९९३ मध्ये विंडोजसाठी विनसॉक आले. त्यात वापरापूर्वी सुरुवातीची वेगळी हाक द्यावी लागे, जोडणी बंद करण्याचे फंक्शन निराळे आणि चूक विचारण्याची रीतही निराळी. एका यंत्रणेसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीकडे न्यायचा, तर ओळीओळीला ठेच लागावी अशी ही स्थिती होती.

पहिल्या पुस्तकाने काय दिले?

तोवर नेटवर्क प्रोग्रामिंग शिकायचे, तर कंपन्यांच्या मॅन्युअलांवर, कुणाच्या तरी जुन्या कोडवर किंवा जाणत्या सहकाऱ्यावर भिस्त ठेवावी लागे. स्टीव्हन्स यांच्या १९९० च्या पुस्तकाने सॉकेट आणि टीएलआय या दोन्ही पद्धती एकाच ठिकाणी मांडल्या. टीसीपी/आयपीबरोबर एक्सएनएसचेही चालणारे कोड दिले. फाइल पाठवणे, दूरच्या यंत्रावर लॉगइन करणे, दूरच्या प्रिंटरवर छपाई करणे अशी पूर्ण कामे करणारे प्रोग्राम त्यात होते. तुकडे दाखवून उरलेले वाचकावर सोडण्याची रीत त्यांनी ठेवली नाही. पुस्तकाची ओळख इतकी पसरली, की १९९३ च्या ‘वेन्स वर्ल्ड २’ या विनोदी हॉलीवूड चित्रपटातही ते झळकले.

१९९२ मध्ये ‘ॲडव्हान्स्ड प्रोग्रामिंग इन द युनिक्स एन्व्हायर्नमेंट’ आले. पुढे ‘टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड’चे तीन खंड १९९४, १९९५ आणि १९९६ मध्ये आले. पहिल्या खंडासाठी त्यांनी निरनिराळ्या यंत्रणांचे संगणक जोडून स्वतःचे छोटे नेटवर्क उभे केले होते. ते डायल-अप जोडणीने राष्ट्रीय वेधशाळांच्या नेटवर्कशी आणि तिथून इंटरनेटशी जोडलेले होते. प्रोटोकॉल असा चालतो, असे सांगून ते थांबत नसत. तारेवरून प्रत्यक्षात गेलेली पाकिटे टिपून ती पानावर छापत आणि त्यांतल्या एकेका ओळीचा अर्थ लावत. दुसऱ्या खंडात गॅरी राइट यांच्यासह त्यांनी ४.४ बीएसडी-लाइटच्या सुमारे १५ हजार ओळींचे कोड उलगडून दाखवले. पुस्तकांची पानेही ते स्वतःच संगणकावर जुळवून छपाईसाठी तयार करून देत.

आयपीव्ही६ आल्यावर काय बिघडले?

जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत ३२ बिटांचा पत्ता असतो, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी पत्ते. ते पुरणार नाहीत, हे नव्वदच्या दशकात स्पष्ट झाले होते. डिसेंबर १९९५ मध्ये १२८ बिटांच्या पत्त्याची आयपीव्ही६ ही पद्धत कागदावर आली. आणि जगभरच्या प्रोग्रामांमध्ये पेरून ठेवलेली गृहीतके एकदम उघडी पडली.

हजारो प्रोग्रामांत पत्ता ३२ बिटांच्या संख्येत ठेवलेला होता. आयपीव्ही४ चा साचा १६ बाइटांचा आणि सर्वसाधारण साचाही १६ बाइटांचा. त्यामुळे अनेकांनी तेवढीच जागा राखून ठेवली होती. नवा साचा सुरुवातीला २४ बाइटांचा ठरला. नंतर त्यात चार बाइटांचा एक खाना वाढला आणि तो २८ वर गेला. म्हणजे १६ च्या जागी २४ हा आकडा लिहून ज्याने काम उरकले, त्याचा प्रोग्राम पुन्हा अडला. आकार स्वतः लिहायचाच नाही, कंपाइलरला विचारायचा, हा धडा यातून पक्का झाला.

स्टीव्हन्स इथे नुसते पुस्तक लिहिणारे राहिले नाहीत. आयपीव्ही६ साठी सॉकेट पद्धत कशी वाढवायची, हे ठरवणाऱ्या एप्रिल १९९७ च्या आरएफसी २१३३ आणि मार्च १९९९ च्या आरएफसी २५५३ या दस्तऐवजांचे ते सहलेखक होते. कुठल्याही कुळाचा पत्ता मावेल एवढा मोठा साचा दुसऱ्या दस्तऐवजात आला. लांबीचा खाना एखाद्या यंत्रणेत आहे की नाही, हे कंपाइल होतानाच कळावे यासाठीची खूणही या कामात ठरली.

पत्ता शोधण्याचा नवा मार्ग कोणता?

या साऱ्यात कळीचे ठरले ते ‘गेटअ‍ॅड्रइन्फो’ हे फंक्शन. ही एकट्या स्टीव्हन्स यांची निर्मिती नव्हती. त्यामागे पॉझिक्स या मानकावर काम करणाऱ्यांची मेहनत होती. त्याचा विचार मात्र स्टीव्हन्स यांच्या शिकवणीशी तंतोतंत जुळणारा होता. यंत्राचे नाव आणि सेवेचे नाव द्यायचे, आणि बदल्यात तयार साच्यांची यादी घ्यायची. प्रत्येक नोंदीत कूळ, जोडणीचा प्रकार, पत्ता आणि त्याची लांबी हे सारे भरलेले असते. प्रोग्रामने एकेक नोंद क्रमाने वापरून पाहायची. जी जोडणी लागेल ती घ्यायची, नाही लागली तर पुढची. पत्त्याच्या आत डोकावण्याची गरजच उरत नाही. बाइटांचा क्रम, साच्याचा आकार, लांबीचा खाना या सगळ्या कटकटी फंक्शनच्या आतच राहतात.

याच काळात सुचवलेली दुसरी एक फंक्शनची जोडी पुढे मानकातून वगळण्यात आली. गेटअ‍ॅड्रइन्फो मात्र टिकले आणि पुढे विंडोजपर्यंत पोहोचले.

१९९८ ची आवृत्ती वेगळी कशी?

‘युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंग’च्या दुसऱ्या आवृत्तीचा पहिला खंड १९९८ मध्ये आला. यातला पहिला प्रोग्राम अगदी साधा आहे. तो दुसऱ्या यंत्राला किती वाजले ते विचारतो. आधी तो आयपीव्ही४ साठी लिहिलेला आहे. मग मोजक्या ओळी बदलून आयपीव्ही६ साठी. आणि लगेच स्टीव्हन्स दाखवतात, की हे दोन्ही मार्ग अपुरे आहेत, कारण दोन्ही एकेका कुळाला बांधलेले आहेत. बऱ्याच पानांनंतर तोच प्रोग्राम पुन्हा येतो, तेव्हा तो कुठल्याच कुळाला बांधलेला नसतो.

त्यासाठी त्यांनी स्वतःची छोटी फंक्शने तयार केली. जोडणी करणारे एक, जोडणीची वाट पाहणारे एक, पत्ता वाचण्याजोग्या रूपात देणारे एक, दोन पत्ते सारखे आहेत का ते पाहणारे एक. यंत्रणांमधले फरक या फंक्शनांच्या आत कोंडायचे आणि बाकीचा प्रोग्राम स्वच्छ ठेवायचा, ही पद्धत. ज्या यंत्रणेत गेटअ‍ॅड्रइन्फो अजून आलेच नव्हते, तिच्यासाठी त्यांनी ते फंक्शन स्वतः लिहून पुस्तकात दिले.

हे सारे एकाच संगणकावर पारखलेले नव्हते. एआयएक्स, बीएसडी/ओएस, डिजिटल युनिक्स, एचपी-यूएक्स, लिनक्स, सोलारिस, युनिक्सवेअर अशा यंत्रणांवर त्यांनी कोड चालवून पाहिले. कुठे काय आहे आणि काय नाही, हे आधी तपासून त्यानुसार स्वतःला जुळवून घेणारी स्क्रिप्टही कोडसोबत होती. ते कोड कुणालाही उतरवून घेता येत असे. लेखकावर विश्वास ठेवण्याची वाचकाला गरज नव्हती; आपल्या यंत्रावर चालवून पाहता येत होते.

स्वतःच्या चुकाही त्यांनी झाकल्या नाहीत. पत्त्याचा साचा भरण्यापूर्वी तो शून्याने पुसून घ्यावा लागतो. त्यासाठीच्या प्रमाणित फंक्शनला तीन गोष्टी द्याव्या लागतात. त्यातल्या शेवटच्या दोन उलटसुलट झाल्या, तरी कंपाइलर तक्रार करत नाही आणि साचा पुसलाच जात नाही. ‘टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड’च्या तिसऱ्या खंडाच्या पहिल्या छपाईत ही अदलाबदल आपल्याकडून दहा ठिकाणी झाली, अशी नोंद त्यांनी पुढच्या पुस्तकात करून ठेवली. म्हणून त्यांनी दोनच गोष्टी घेणारे बर्कलीचे जुने फंक्शन पसंत केले. त्यात अदलाबदल झालीच, तर ती पकडली जाण्याची शक्यता अधिक.

काय अपुरे राहिले?

दुसरा खंड १९९९ मध्ये वाचकांच्या हाती होता. नेटवर्कवरील प्रत्यक्ष ॲप्लिकेशनांवरचा तिसरा खंड त्यांच्या मनात होता. तो झालाच नाही. १ सप्टेंबर १९९९ रोजी टूसॉनमध्ये त्यांचे निधन झाले. मागे पत्नी आणि तीन मुले होती. २००० मध्ये युसेनिक्स या संस्थेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव दिला.

पुस्तके मात्र थांबली नाहीत. २००३ मध्ये बिल फेनर आणि अँड्र्यू रुडॉफ यांनी नेटवर्क प्रोग्रामिंगची तिसरी आवृत्ती केली. २००५ मध्ये स्टीफन रागो यांनी युनिक्सच्या पुस्तकाची, तर २०११ मध्ये केविन फॉल यांनी ‘टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड’च्या पहिल्या खंडाची नवी आवृत्ती आणली. मुखपृष्ठावर स्टीव्हन्स यांचे नाव कायम राहिले. आयपीव्ही६ सॉकेटचा सुधारित दस्तऐवज, आरएफसी ३४९३, २००३ मध्ये आला. त्याच्या लेखकांतही त्यांचे नाव आहे.

आपल्या फोनशी याचा संबंध काय?

३ फेब्रुवारी २०११ रोजी आयपीव्ही४ पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा संपला. १ जून २०१६ पासून ॲपलने आपल्या स्टोअरवरील ॲप केवळ आयपीव्ही६ असलेल्या नेटवर्कवरही चालले पाहिजे, अशी अट घातली. ज्यांनी पत्त्याची जात गृहीत धरली नव्हती, त्यांना फारसे काही करावे लागले नाही. ज्यांनी ३२ बिटांचा पत्ता कोडमध्ये ठोकून बसवला होता, त्यांना ते उकरून काढावे लागले. भारतात जिओसारख्या नेटवर्कमुळे आयपीव्ही६ चा वापर झपाट्याने वाढला आणि या बाबतीत भारत आज जगातील आघाडीच्या देशांत गणला जातो. म्हणजे हा प्रश्न इथल्या प्रत्येक ॲपच्या रोजच्या कामाचा आहे.

आता बहुतेक प्रोग्रामर सॉकेटला थेट हात लावत नाहीत. तयार लायब्ररी ते काम करतात. पण त्या लायब्ररींच्या पोटात तेच चालते: नाव द्या, पत्त्यांची यादी घ्या, एकेक वापरून पाहा, आतले काही गृहीत धरू नका. स्टीव्हन्स गेले तेव्हा स्मार्टफोनचे युग यायचे होते. तरी वायफायवरून मोबाइल डेटावर जाताना ॲप अडखळत नाही, त्यात त्यांनी शिकवलेल्या या सवयीचा वाटा आहे.